खिळ्यांच्या गर्दीत लपलेला पैसा : धातुशोधक यंत्र, लोखंड आणि विज्ञानाचा एक तास



सध्या मुलं मोबाइलवर एक प्रकारचे व्हिडिओ फार बघतात. कुणीतरी परदेशी माणूस कानाला हेडफोन लावून शेतातून चालतो, हातातल्या दांडीची थाळी जमिनीवरून फिरवतो, टुंग आवाज येतो आणि तो मातीतून नाणं काढतो. मग मुलं घरी येऊन विचारतात, "आपल्याकडे असं मशीन आणलं तर शिवराई सापडेल का हो?" या प्रश्नाला "गप अभ्यास कर" हे उत्तर नको. त्यात दहावीचं विद्युतचुंबकत्व आहे, सातवीच्या पूर्णांक संख्या आहेत, इतिहास आहे आणि कायदाही आहे. म्हणून हा पाठ.

उदाहरणासाठी आपण शिवरे गाव घेऊ. भोर तालुक्यातलं, शिवगंगेच्या खोऱ्यातलं, पुणे-सातारा रस्त्यालगतचं गाव. इथून पुढे नसरापूर, आणि तिथून राजगडाकडे वाट फुटते. म्हणजे माणसांच्या येण्याजाण्याचा हा मुलूख. जिथं माणसं चालतात तिथं पैसे पडतात, हे खरंच. पण पैशापेक्षा कितीतरी जास्त काय पडतं? लोखंड! बैलाच्या पत्र्या, त्या ठोकायच्या चुका, बैलगाडीच्या धावेचे तुकडे, नांगराचा झिजलेला फाळ, मोडका विळा. अलीकडच्या काळातलं बघाल तर बाइंडिंग वायर, सळईचे तुकडे, नट-बोल्ट, वायसर, पत्र्याचे कपचे, बाटल्यांची बुचं. रस्त्याकडेच्या कुठल्याही गावातल्या जुन्या गावठाणात हीच परिस्थिती. मुलांनी व्हिडिओत न पाहिलेली गोष्ट ही आहे की नाणं जमिनीत एकटं कधीच नसतं. ते लोखंडाच्या गर्दीत असतं, आणि यंत्राला ही गर्दी फोडता येत नाही. निदान सहजासहजी तर नाहीच.

यंत्र नक्की काय "बघतं"?

धातुशोधकाच्या थाळीत तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती धारा जाते. नेहमीच्या यंत्रांत तिची वारंवारता साधारण ५ ते २० किलोहर्ट्झ असते. त्यामुळे थाळीखाली सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. बदलतं क्षेत्र वाहकातून गेलं की वाहकात धारा निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. आपल्या दहावीच्या पुस्तकात "विद्युतधारेचे परिणाम" या पाठात हे आहेच. मातीतल्या तांब्याच्या नाण्यात अशाच भोवऱ्यासारख्या गोल फिरणाऱ्या धारा सुरू होतात. त्यांना भोवरा धारा म्हणतात. या धारांचं स्वतःचं एक छोटं चुंबकीय क्षेत्र असतं. दुसरं वेटोळं ते टिपतं. संपलं, एवढंच यंत्र. ते नाणं "बघत" नाही, नाण्याने दिलेली हाकेची ओ ऐकतं.

आता ही ओ किती उशिरा आली यावरून यंत्र धातू ओळखतं. चांगला आणि जाड वाहक असेल, म्हणजे चांदीचा रुपया किंवा जाड तांब्याची शिवराई, तर भोवरा धारा लवकर विरत नाहीत आणि ओ उशिरा येते. मुलांना सांगताना झोपाळ्याचं उदाहरण द्या. लांब दोरीच्या झोपाळ्याला धक्का दिला की तो रेंगाळत परत येतो, आखूड दोरीचा लगेच येतो. ॲल्युमिनियमचा कागद किंवा पातळ पत्रा म्हणजे आखूड दोरीचा झोपाळा.

लोखंडाची तऱ्हा वेगळी. त्यात भोवरा धारा होतातच, पण लोखंड स्वतःच चुंबक बनतं आणि थाळीच्या क्षेत्राला विरोध करण्याऐवजी त्यात भर घालतं. म्हणून खिळ्याचा संकेत नाण्याच्या उलट्या बाजूचा येतो. यंत्र त्यावरून म्हणतं, "हे लोखंड, सोडून द्या." या सोडून देण्याच्या सोयीला यंत्रवाले डिस्क्रिमिनेशन म्हणतात. आपण निवड म्हणू.

इथे एक गंमत वर्गात नक्की करून बघा. मुलांना घरून नाणी आणि एक चुंबक आणायला सांगा. हल्लीचा एक रुपया चुंबकाला चिकटतो! १९९२ पासूनचा छोटा रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा, म्हणजे लोखंडाच्याच घराण्यातला. त्याआधीचा जड रुपया तांबे-निकेलचा, तो चिकटत नाही. आजीच्या डब्यातली ॲल्युमिनियमची पाच पैशांची चौकोनी नाणी चिकटत नाहीत, भोकाचा पैसा (१९४३ ते ४७, कासं) चिकटत नाही. पण १९४७ चा रुपया चिकटतो, कारण तो शुद्ध निकेलचा होता आणि निकेलही चुंबकाला ओढलं जातं. म्हणजे "लोखंड सोडून दे" असं यंत्राला सांगितलं की आपल्याच खिशातला रुपया ते कचरा समजू शकतं. मुलांना हे फार आवडतं.

मग नाणं झाकलं कसं जातं?

या पाठाचा गाभा इथे आहे, जरा सावकाश घेऊया.

थाळीखाली एका वेळी जे जे आहे त्या सगळ्यांचे संकेत एकत्र येतात. यंत्राला बेरीज मिळते, सुटे सुटे आकडे मिळत नाहीत. सातवीच्या मुलांना फळ्यावर असं लिहून द्या : नाण्याला +३, खिळ्याला −१० धरा. दोन्ही शेजारी असतील तर बेरीज −७. यंत्र काय म्हणेल? लोखंड. आणि निवड चालू असेल तर ते गप्पच बसेल. नाणं तिथं आहे, चांगलं ओरडतंय, पण बेरजेत बुडालं. (दहावीच्या मुलांना सांगा की खरं गणित नुसत्या अधिक-उणेचं नसतं, दिशा असलेल्या राशींचं असतं. तत्त्व तेच.)

यात अंतर भर घालतं. थाळीचं क्षेत्र खाली जाता जाता क्षीण होतं, आणि नाण्याची ओ वर येता येता पुन्हा क्षीण होते. असा दुहेरी मार बसतो. दोन्ही वेटोळी एकाच आकाराची मानली आणि वस्तू बरोबर मध्याखाली आहे असं धरलं, तर संकेत हा थाळीच्या त्रिज्येचा वर्ग अधिक खोलीचा वर्ग, या बेरजेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात येतो. २८ सेंमी व्यासाची थाळी घ्या. खोली १० सेंमी : १९६ + १०० = २९६. खोली २० सेंमी : १९६ + ४०० = ५९६. खोली दुप्पट झाली तर बेरीज साधारण दुप्पट, आणि दोनचा घन आठ. म्हणजे तेच नाणं दुप्पट खोल गेलं की त्याचा आवाज आठपट कमी. १२ सेंमीच्या छोट्या थाळीसाठी हेच गणित करा : १३६ आणि ४३६, गुणोत्तर ३.२, घन सुमारे ३३. वरच्या थरातला क्षुल्लक खिळा खालच्या ऐवजावर भारी का पडतो, ते यातून कळतं.

तिसरं कारण वेळेचं. यंत्राने एकदा "लोखंड" म्हणून तोंड बंद केलं की पुन्हा कान उघडायला त्याला क्षणभर लागतो. समजा हा क्षण एक दशांश सेकंदाचा आहे. थाळी सेकंदाला एक मीटर वेगाने फिरवली तर त्या काळात ती १० सेंमी पुढे गेली. त्या १० सेंमीत नाणं असेल तर गेलं! थाळी सेकंदाला ३० सेंमीने फिरवली तर बहिरेपणाचा पट्टा फक्त ३ सेंमीचा. वेग, वेळ, अंतर. पाचवीतलं गणित, पण इथे त्याला किंमत आहे.

आणि आपल्याकडे एक जादा भानगड आहे ती मातीची. सह्याद्रीचा बेसाल्ट काळा असतो आणि त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. नदीच्या वाळूत चुंबक फिरवा, काळ्या दाढीसारखे कण चिकटून येतील. म्हणजे इथली जमीनच थोडी लोखंडी. यंत्राला आधी या जमिनीची सवय लावावी लागते, त्याशिवाय ते मातीलाच खिळा समजत बसतं. युरोपातल्या शेतांत काढलेल्या व्हिडिओवर विसंबून इथे तेवढी खोली मिळेल असं समजू नये. दुकानदार हे सांगत नाही.

हाच घोळ १८८१ मध्ये!

इतिहासाच्या शिक्षकांसाठी हा भाग. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरातच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून १४ वर्षं होती. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल पुढे आले. ह्यूज यांच्या प्रवर्तन तुलेवरून त्यांनी एक यंत्र जुळवलं : दोन वेटोळी, बॅटरी, आणि ऐकायला टेलिफोन. आजच्या धातुशोधकाचं हे पणजोबा. २६ जुलैला पहिला प्रयत्न फसला, जोडणीतच चूक होती. १ ऑगस्टला पुन्हा केला. या वेळी आवाज आला, पण एका जागी नाही, भल्या मोठ्या भागावर पसरट आवाज. नंतर कळलं की अध्यक्षांच्या गादीत पोलादी तारा होत्या. शिवाय डॉक्टर ब्लिस यांना गोळी उजवीकडेच आहे अशी खात्री होती, म्हणून शोध उजवीकडेच चालला. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डावीकडे निघाली.

वर्गात यावर चर्चा घ्या. यंत्र बिघडलं होतं का? १ ऑगस्टला तरी नाही. त्याने धातू असल्याचं बरोबर सांगितलं. पोलादाच्या गर्दीत शिशाची गोळी वेगळी काढणं त्याला जमलं नाही, आणि शोधणाऱ्यांनी आधीच ठरवलेली बाजू सोडली नाही. मला यातली दुसरी गोष्ट जास्त बोचते.

जाणकार काय करतात?

पहिली गोष्ट, निवड कमी करतात किंवा पूर्ण बंद करतात. ऐकायला उलटं वाटतं, पण लोखंडाचा आवाजही ऐकायचा, हलक्या घरघरीत ठेवायचा आणि त्या घरघरीत मध्येच एखादा स्वच्छ सूर डोकावतो का याकडे कान लावायचा. गप्प केलेलं यंत्र छान वाटतं, पण ते नाण्यासकट गप्प असतं.

दुसरी गोष्ट, थाळी लहान घेतात. समजा गावठाणात एका चौरस मीटरमध्ये २०० लोखंडी तुकडे आहेत. २८ सेंमीच्या थाळीचं क्षेत्रफळ ६१६ चौ. सेंमी, तिच्याखाली एका वेळी सुमारे १२ तुकडे येतात. १२ सेंमीच्या थाळीचं ११३ चौ. सेंमी, तिच्याखाली दोनच. खोली कमी मिळते, वर गणित केलंच आपण, पण दोन खिळ्यांच्या मधून वाट निघते. खोली हवी की वेगळेपण हवं, दोन्ही एकदम मिळत नाही.

मग चाल. हळू, आखूड झुलवण, आणि त्याच जागेवर आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी. नाणं गोल आणि सपाट असतं, पडून राहिलेलं असेल तर ते कुठूनही सारखाच आवाज देतं. खिळा लांबट असतो, दिशा बदलली की त्याचा आवाज बदलतो, तुटतो किंवा सरकतो. पश्चिमेकडून खिळ्याने झाकलेलं नाणं उत्तरेकडून उघडं पडू शकतं. फसवणाऱ्याही वस्तू आहेतच. लोखंडी वायसर आणि बाटलीचं बूच गोल असल्याने भोवरा धारांना फिरायला ऐसपैस जागा मिळते आणि ती नाण्यासारखी मधुर वाजतात. त्यांना अचूक ओळखणारं यंत्र माझ्या माहितीत तरी नाही.

आणि सर्वात कंटाळवाणी पण सर्वात हमखास रीत : वरचं लोखंड वेचून काढा, मग तीच जागा पुन्हा तपासा. पुन्हा वेचा, पुन्हा तपासा. दरवेळी बेरजेतले उणे आकडे कमी होतात आणि खालचा अधिक आकडा वर येतो.

वर्गातला प्रयोग

महागडं यंत्र विकत आणायची काहीच गरज नाही. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकमापक असतो आणि त्याचा आकडा दाखवणारी फुकट ॲप मिळतात. आपल्या भागात पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला दिसतं. फोन खिळ्याजवळ नेला की आकडा हलतो, तांब्याच्या तुकड्याजवळ नेला तर ढिम्म. म्हणजे फोनला फक्त लोखंडी घराणं कळतं, तांबं-पितळ कळत नाही. दुसरीकडे, रखवालदाराकडे असतो तो हातातला धातुशोधक मिळाला (लग्नाच्या हॉलवर, परीक्षा केंद्रावर बघितला असेल), तर त्याला किल्ली काय आणि नाणं काय, सगळंच सारखं. तो दोन्हीला पीं करतो.

आता एका घमेल्यात वाळू भरा. मुलांना न दाखवता त्यात पाच-सहा खिळे, एक वायसर, एक तांब्याचा जाडसर तुकडा, एक जुनं ॲल्युमिनियमचं नाणं आणि एक नवा रुपया पुरा. चौकटीचा कागद घेऊन एका गटाला फोनने नकाशा काढू द्या, दुसऱ्या गटाला हातातल्या शोधकाने. मग दोन्ही कागद उजेडासमोर एकावर एक धरा. शोधकावर खूण आहे पण फोनवर नाही, ती जागा तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची! जिथं दोन्हीवर खूण आहे तिथं मात्र "नुसतं लोखंड" असं लिहू देऊ नका. तिथं लोखंड आहे, एवढंच सिद्ध झालं. त्याच्याखाली आणखी काही आहे की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही. हा फरक मुलांच्या डोक्यात बसला तर तास वसूल.

शोधक नसेल तर आवाजाचा खेळ घ्या. एकाने थाळी बडवायची, दुसऱ्याने शेजारी उभं राहून हळू आवाजात एक नाव घ्यायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. मग नाव घेणारा थाळीपासून एकेक पाऊल दूर सरकतो. कितव्या पावलाला नाव कळलं ते वहीत लिहा. गंजके खिळे हाताळताना हातमोजे घाला, आणि मुलांची धनुर्वाताची लस झाली आहे का ते पालकांनी बघावं.

पालकांसाठी थोडं स्पष्ट

"मग घेऊ या का मशीन?" असं विचारणाऱ्या पालकांना सांगतो. घ्यायचं तर शाळेच्या मैदानात हरवलेली किल्ली शोधायला घ्या. गडावर घेऊन जाऊ नका. राजगड हे राज्य संरक्षित स्मारक आहे, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशांतल्या १२ किल्ल्यांत त्याचा समावेश केला. तिथे परवानगीशिवाय एक वीतभर खड्डासुद्धा काढायचा नसतो.

स्वतःच्या शेतात सापडलं तर? भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ आजही लागू आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. शिवऱ्यातल्या माणसाने भोरच्या तहसील कार्यालयात जाऊन विचारलं तरी वाट कळेल. न कळवणं हा शिक्षेचा गुन्हा आहे. उलट कळवणाऱ्याचा हक्क कायदा मानतो : ऐवजावर दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध झाला नाही, तर सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटणी होते, आणि सरकारने तो घेतला तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन घेतं. "सरकार सगळं फुकट नेतं" असं पारावर ऐकू येतं, ते बरोबर नाही.

अर्जात काय लिहायचं असतं? काय सापडलं आणि किती किमतीचं, कुठे सापडलं, कधी सापडलं. पुरातत्त्वाचा अभ्यासक यातला "कुठे" सर्वात आधी विचारतो. एका बाजूला तीन ओळींत "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" लिहिलेली शिवराई बाजारात आजही विकत मिळते. पण ती कुठल्या थरात होती, शेजारी कोणत्या चुका आणि खापरं होती, हे एकदा उपसल्यावर कुठल्याच बाजारात मिळत नाही. आपण ज्याला कचरा म्हणालो ते गंजकं लोखंडच इथे साक्षीदार असतं. अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८३ च्या वणव्यानंतर पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक फिरवले, प्रत्येक काडतुसाची जागा नकाशावर नोंदवली आणि त्यावरून १८७६ ची लढाई कशी सरकत गेली ते मांडलं. यंत्र तेच. आधी खूण, मग नोंद, मग उचलणं, हा क्रम वेगळा.

आणखी एक. गुप्तधनाच्या नावाने यंत्र घेऊन फिरणारे, अमावास्या आणि पायाळू माणूस मागणारे लोक आपल्या भागात अजून येतात. राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार गुन्हा ठरतात. ज्या मुलाने वर्गात स्वतः +३ आणि −१० ची बेरीज केली आहे, त्याला "इथे यंत्र वाजतंय म्हणजे हंडा आहे" असं कुणी सांगितलं तर तो विचारेल, "खाली वायसर नाही कशावरून?"

सरावासाठी प्रश्न

१. नाणं +४, तीन खिळे प्रत्येकी −२. यंत्र काय म्हणेल? एक खिळा काढला तर? दोन काढले तर?

२. यंत्राला पुन्हा ऐकू यायला ०.०५ सेकंद लागतात. खिळ्यापासून २ सेंमीवरचं नाणं सुटू नये म्हणून थाळीचा वेग जास्तीत जास्त किती ठेवाल?

३. २० सेंमी व्यासाच्या थाळीखाली एका वेळी किती तुकडे येतील? (चौरस मीटरला २०० धरा.)

४. बेल यांच्या जागी तुम्ही असता तर दुसऱ्या प्रयत्नाआधी काय काय तपासलं असतं?

उत्तरं : पहिल्यात तीन खिळे असताना बेरीज −२ म्हणून लोखंड, एक काढल्यावर शून्य म्हणून यंत्र गप्प, दोन काढल्यावर +२ आणि नाणं बोललं. दुसऱ्याचं सेकंदाला ४० सेंमी. तिसऱ्याचं सुमारे सहा. चौथ्याला एकच उत्तर नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलीने लिहिलं होतं, "आधी रिकाम्या खाटेवर यंत्र फिरवलं असतं." तिला पूर्ण गुण दिले.